कोलकाता, मान खाली घालून

कोलकात्याला जाऊन आलेल्या कुठल्याही फोटोग्राफरचं फोल्डर उघडा, क्रम ठरलेला. आधी हावडा ब्रिज, मग पुलावरून काढलेला खालचा फुलबाजार, मग कुमारटुलीतल्या रंग न चढलेल्या दुर्गा, मग धुक्यातून येणारी पिवळी टॅक्सी, आणि शेवटी एखादे हातरिक्षावाले काका ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, सुरकुत्या जरा जास्तच शार्प केलेल्या. नावं ठेवत नाहीये हां, हे सगळं तिथे आहे आणि बघण्यासारखंच आहे, पण एवढ्या लोकांनी ते एवढं छान काढून ठेवलंय की त्यात माझी भर पडली नाही म्हणून कोणाचं काय अडलंय. त्यात माझं रोजचं काम लग्नांचं. लग्नात यादी असते, अंतरपाट, मंगलाष्टकं, कन्यादान, आजीचा क्लोजअप, मामा मुलीला आणताना, एक जरी राहिला तरी वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे स्वतःसाठी फिरायला गेल्यावर परत यादीच घेऊन हिंडायचं अगदी जिवावर आलं होतं.

मैत्रीण लग्न करून भवानीपूरला गेलीय, तिच्याकडे उतरले होते. तिच्या सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या माशीमा, रोज सकाळी चहा देता देता विचारायच्या की आज काय बघणार, आणि मी म्हणायचे अजून ठरलं नाही, तर त्यांना ते अजिबात पटायचं नाही. व्हिक्टोरिया झालं का, दक्षिणेश्वर झालं का, बेलूर मठ? घरी पाहुणी आलेली मुलगी दिवसभर गटारांचे फोटो काढते हे त्यांनी शेजारच्या बाईंना कसं सांगितलं असेल देव जाणे.

मी नवीन गावात पहिली चक्कर कॅमेरा घरी ठेवूनच मारते. कॅमेरा हातात असला की डोळा ओळखीच्या फ्रेम शोधत बसतो आणि काहीच दिसत नाही, हा माझा अनुभव. रिकाम्या हाताने उत्तर कोलकात्यात, शोभाबाजार, बागबाजार, चितपूर रोड (त्याचं आता रवींद्र सरणी नाव आहे) असं हिंडले, मग खाली येऊन डलहौसीकडे (म्हणजे आताची बीबीडी बाग), आणि संध्याकाळी घरी येऊन वहीत जे लिहिलं ते वाचलं तर जवळपास सगळं गुडघ्याच्या खालचं निघालं. नळ, दोऱ्या, झाकणं, रूळ, भिंतींचे तळ. वर बघण्यासारखं नसतं असं नाही, कोलकात्याच्या बाल्कन्या आणि ओतीव लोखंडाचे कठडे तर काय बोलायचं, पण वर सगळेच बघतात. म्हणून मग तेच धरलं. ३५ एमएमची एकच लेन्स, आणि कॅमेरा असा की ज्याची स्क्रीन उघडून वरून बघता येते, म्हणजे पोटरीच्या उंचीवर कॅमेरा धरून आपल्याला सरळ उभं राहता येतं. याचा एक फायदा असा की आपण फोटो काढतोय हे कोणाला पटकन कळतच नाही, लोकांना वाटतं बाईंचं काहीतरी पडलंय.

उजेडाबद्दल आधीच सांगून टाकते कारण आपल्याकडून जाणाऱ्याचा सगळा हिशोब तिथे चुकतो. घड्याळ तेच असलं तरी कोलकाता मुंबईच्या साडेपंधरा अंश पूर्वेला आहे, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी. हिवाळ्यात सव्वासहाला उगवतो आणि पाचच्या सुमारास गुल. आपण संध्याकाळचा सोनेरी उजेड म्हणून साडेपाचला आरामात निघालो तर तिथे दिवे लागलेले असतात. जुन्या भागातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की उत्तर-दक्षिण गेलेल्या गल्लीत ऊन जमिनीला टेकतं ते फक्त भर दुपारी, तेही थोडाच वेळ. आपल्याला शिकवलेलं असतं की दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवावा. मला तिथे उलटं करावं लागलं, मी दुपारीच गल्लीत जायचे, कारण तेव्हाच एक चिंचोळी उन्हाची पट्टी फरशीवर पडायची आणि त्या पट्टीत जे असेल ते, चप्पल, कुत्रं, चहाचं फुटकं भांड (तिथला मातीचा कप), एकदम दिसायला लागायचं.

आता नळ. कोलकात्यात पाण्याच्या दोन वेगळ्या लाइनी आहेत हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. पिण्याचं पाणी उत्तरेला पलताला शुद्ध होऊन येतं, टाला टाकीत चढतं (ती टाकी १९११ पासून चालू आहे, ९० लाख गॅलनची, पोलादी खांबांवर उभी, आणि इतकी प्रचंड असूनही टुरिस्टच्या यादीत नाही), आणि दुसरी लाइन हुगळीच्या, म्हणजे तिथल्या गंगेच्या, न गाळलेल्या पाण्याची. ही रस्ते धुवायला, आगीच्या बंबांना. तिचा पंप मल्लिक घाटावर, म्हणजे फुलबाजाराच्या अगदी शेजारी. हजारो लोक तिथे फुलांचे फोटो काढतात आणि पंपहाऊसकडे पाठ करून उभे असतात. तर या दुसऱ्या लाइनीचे नळ फुटपाथच्या कडेला आहेत, बुटके, लोखंडी, बऱ्याच ठिकाणी तोटी कधीच गेलेली आणि तोंडात चिंधीचा बोळा किंवा लाकडाचं खुंटुक ठोकलेलं. सकाळी दाब आला की त्यातून गढूळ मातकट पाणी उसळायला लागतं, आणि तिथून पुढे दोनेक तास त्या नळाभोवती जे चालतं ते मी बघतच बसले.

आधी महापालिकेचा माणूस येतो, जाड पाइप जोडतो, रस्ता धुतो. तो गेला की फुटपाथवर झोपणारे अंघोळीला येतात, मग हमाल, मग मोठाल्या कढया घेऊन हॉटेलातली पोरं, मग टॅक्सीवाला बादली घेऊन गाडी पुसायला. सगळ्यांना आपापली पाळी माहीत असते, भांडण नाही, रांगही नाही. साडेआठनंतर पाणी मंदावतं आणि तो नळ परत कोणाला दिसेनासा होतो, लोक त्याला अडखळतात सुद्धा.

इथे एक अडचण होती. पुरुषमाणसं गमछा गुंडाळून अंघोळ करतायत आणि मी बाई कॅमेरा घेऊन उभी, हे दोन्ही बाजूंनी वाईट. आणि तसंही, रस्त्यावर अंघोळ करावी लागते हे त्यांच्या दृष्टीने काही देखणं दृश्य नाहीये, त्यांना न्हाणीघर असतं तर ते आत गेले असते. मी ते फोटो काढलेच नाहीत. थांबायचे, आणि माणूस उठून गेला की लगेच मागे जे उरायचं ते काढायचे. ओल्या पावलांचे ठसे, साबणाची लाल वडी नळाच्या डोक्यावर ठेवलेली, फेस गटाराकडे जाताना, खुंटीसारखा वापरलेला जवळचा खांब आणि त्यावर विसरलेली बनियन. यातला साबणाच्या वडीचा फोटो मला अजूनही सगळ्यात जास्त आवडतो. नळाच्या डोक्यावर बरोबर वडीच्या आकाराचा एक गुळगुळीत झालेला भाग आहे, इतकी वर्षं तिथेच ठेवतायत लोक.

टेक्निकल सांगायचं तर वाहत्या पाण्याला शटर १/१००० सेकंद घेतलं तर पाणी काचेच्या तुकड्यांसारखं दिसतं, १/४ घेतलं तर कॅलेंडरवरचा धबधबा. मला १/६० बरं वाटलं, डोळ्याला जसं दिसतं साधारण तसं. आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला की कॅमेरा त्या पाण्याचा मातकटपणा काढून टाकतो, छान राखाडी करून देतो, त्यामुळे डेलाइटवर फिक्स करून ठेवलेला. गंगेचं पाणी गाळासकट हवं ना.

टॅक्सीवाल्याशी गप्पा झाल्या कारण तो गाडीची पुढची जाळी जुन्या टूथब्रशने घासत होता, असं प्रेम मी नव्या गाडीवर पण बघितलेलं नाही. पिवळी अँबेसेडर. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ ला बंद पडला आणि शहरात १५ वर्षांपेक्षा जुनी टॅक्सी चालवता येत नाही, तेव्हा हिशोब सरळ आहे, आहेत त्या सुद्धा चालल्याच आहेत. मी जाळीचा आणि ब्रशचा फोटो काढला. तो म्हणाला, दीदी, गाडी पूरा लीजिए ना. मग पूर्ण गाडीचा पण काढला, त्याच्यासाठी, त्याला पाठवला, आणि त्याने तो लगेच डीपीला लावला.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो दोरीला. कोलकात्याच्या पानाच्या टपऱ्या बघितल्या असतील तर आठवेल, दुकान जमिनीपासून वर, पेटीसारखं, मालक आत मांडी घालून बसलेला, आणि कधीकधी त्याच पेटीच्या खालच्या पोकळीत अजून एक माणूस दुसरा धंदा करत बसलेला असतो. तर या टपरीच्या बाजूच्या खांबाला काथ्याची एक दोरी लोंबत असते आणि तिचं टोक धुमसत असतं. ज्वाळा नाही, नुसता निखारा, करंगळीच्या पेराएवढा. गिऱ्हाईक सुटी सिगरेट घेतं, दोरी ओढतं, टोकाला सिगरेट लावून झुरका घेतं आणि दोरी सोडून देतं, सगळं न बघता, बोलता बोलता. दोरी झुलत झुलत परत खांबाला लागते. दोरी जशी जळत जाते तशी ती वरून सोडत जातात.

लांबून यात काही नाही. जवळ गेल्यावर दिसतं की खांबावर दोरीने झुलून झुलून एक कमान जाळून काढलीय, काळी, मध्ये गडद आणि कडेला तपकिरी, आणि त्या कमानीच्या खाली राखेचा बारीक ढीग, आणि लाकडावर जुन्या रंगाचे तीन थर सोललेले, हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली परत हिरवा. ही कमान कोणी काढलेली नाही, ती आपोआप झालीय, म्हणूनच ती मला फार भारी वाटली.

पण फोटो येईना. दिवसा उन्हात निखारा कॅमेऱ्याला दिसतच नाही, नुसती दोरी येते. रात्री टपरीची ट्यूब लागली की तो पांढरा उजेड सगळं खाऊन टाकतो, निखारा पण आणि कमान पण. म्हणजे अशी वेळ हवी की उजेड गेलाय पण ट्यूब अजून लागलेली नाही, आणि टपरीवाले ट्यूब लावायला काही माझी वाट बघत नाहीत. मी रोज संध्याकाळी त्याच टपरीशी जायला लागले. शेवटी त्यांनीच विचारलं की काय पाहिजे. सांगितलं, दोरीचा फोटो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, परत माझ्याकडे. मी म्हटलं, हल्ली सगळे लायटर ठेवतात, तुम्ही दोरी का ठेवता? तर म्हणाले, "लाइटर रखने से आदमी लोग पॉकेट में ले जाता है। रस्सी कौन ले जाएगा?"

त्यानंतर ते स्वतःच ट्यूब पाच मिनिटं उशिरा लावायला तयार झाले. एक्स्पोजर मुद्दाम दोन स्टॉप कमी, म्हणजे फोटो जरा काळोखाच, शटर १/४, कॅमेरा शेजारच्या बाकड्यावर टेकवलेला, आणि गिऱ्हाइकाने दोरी सोडली की क्लिक. निखाऱ्याची एक लाल रेघ खांबावरच्या काळ्या कमानीला समांतर येते. आल्या त्यातल्या बऱ्याच रेघा वाकड्यातिकड्या, कारण माणसं दोरी सोडताना झटका देतात, पण एक म्हातारे गृहस्थ यायचे ते इतक्या हळुवार सोडायचे की बस्स, त्यांचीच रेघ चांगली आली. टपरीवाल्या दादांना तो फोटो दाखवला तर म्हणाले ठीक आहे, पण यात मी कुठे आहे? मग त्यांचा दुकानासकट, केस विंचरून, पुढे पानाचा डबा नीट मांडून. खरं सांगू, तो पण चांगला आलाय.

पुलाकडे मी शेवटी गेलेच, पण पायाशी. हावडा ब्रिज १९४३ चा, साडेसव्वीस हजार टन पोलाद, सगळा रिव्हेटवर जोडलेला, नट-बोल्ट नाहीत, हे सगळे सांगतात. त्याच्या हँगरच्या, म्हणजे रस्ता ज्या उभ्या पट्ट्यांनी वर टांगलेला आहे त्यांच्या तळाशी काय झालं हे फार कोणी सांगत नाही. लोक जाता येता तिथे पान थुंकायचे. चुना आणि बाकीचा मसाला मिळून पोलाद इतकं खाल्लं गेलं की २०११ च्या सुमारास तपासलं तेव्हा तळाची ६ मिलिमीटरची आवरणं ३ मिलिमीटरपेक्षा कमी उरली होती, काही वर्षांतच. मग त्यांच्यावर फायबरग्लासची टोपणं बसवली, धुता येतात अशी. दुसऱ्या महायुद्धात वाहतुकीला खुला झालेला पूल, रोज लाखो लोक जातात, आणि त्याला खरा त्रास कोणाचा झाला तर पानाचा. मी ती टोपणं काढली. अर्थात त्यांच्यावरही पिचकाऱ्या आहेतच. तिथे एका हवालदारांनी हटकलं, फोटो मना आहे म्हणाले, मी स्क्रीनवर दाखवलं की काय काढलंय, तर बघून हसायला लागले आणि म्हणाले चला, आता निघा. निघाले.

डलहौसीला जीपीओ आहे, १८६८ ची इमारत, पांढरा घुमट, तो सगळे काढतात. तिच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांवर एक पितळेची पट्टी बसवलेली आहे. ती म्हणजे जुन्या फोर्ट विल्यमची हद्द, जो किल्ला सिराजउद्दौलाने १७५६ मध्ये घेतला, त्याची भिंत इथून जायची. आता त्या पायऱ्यांवर लोक पार्सल शिवून घेत बसतात, डबा खातात, चपला काढून पाय मोकळे करतात. मी गेले तेव्हा एक काका बरोबर त्या पट्टीवर पेपर अंथरून पेंगत होते. अर्धे किल्ल्याच्या आत, अर्धे बाहेर. उठवायचा प्रश्नच नव्हता, त्यांच्या कोपराजवळून जेवढं पितळ दिसत होतं तेवढं घेतलं. पितळ पायांनी घासून घासून चकाकतं, त्यामुळे ढगाळ दिवशी जा, उन्हात नुसता पांढरा पट्टा येतो.

आणि आता आपला विषय. बागबाजारला एक गल्ली आहे, मराठा डिच लेन. नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगालभर धुमाकूळ घालत होते तेव्हा त्यांच्या भीतीने १७४२ मध्ये कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. ठरला होता सात मैल, खणून झाला तीनेक मैल, आणि मराठे काही कोलकात्यात आलेच नाहीत. पुढे तो बुजवून त्याच्यावर सर्क्युलर रोड झाला, आताचे आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड. त्यामुळे खंदक शोधायला गेलात तर बस, हॉर्न आणि ट्रॅफिक सापडेल. गल्लीत मात्र नाव अजून आहे. मी पाटीखाली उभी राहिले तर समोरच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांनी विचारलं कुठून आलात, मी म्हटलं महाराष्ट्र, तर त्यांनी आतमध्ये हाक मारली आणि घरातल्यांना काहीतरी सांगितलं, मला एवढंच कळलं की "बोर्गी", म्हणजे ते मराठे स्वार, आली आहे. आतून दोन पोरं बघायला आली. पावणेतीनशे वर्षांनी का होईना पोचलो आपण एकदाचे. चहा दिला त्यांनी, मातीच्या भांडमध्ये, आणि पिऊन झाल्यावर ते कुठे टाकायचं म्हणून मी बघत होते तर आजोबांनी पायरीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, तिथे आधीच्या फुटलेल्या भांड्यांचा लाल चुरा साचलेला, पायरीच्या दगडाचे सांधे त्याच चुऱ्याने भरलेले. हा फोटो मला पाटीपेक्षा चांगला मिळाला. पाटीचा काढला, पण पाटीचा फोटो हा शेवटी पाटीचाच फोटो असतो.

भिंतींबद्दल थोडक्यात. तिथे निवडणुकीचा प्रचार भिंती रंगवून करतात, यमकं, व्यंगचित्रं, सगळं हाताने, आणि त्याचे फोटो भरपूर आहेत. मला मजा वाटली ती त्याच्या आधीच्या स्टेजची, निवडणूक लांब असताना पक्षवाले भिंतीला चुना मारून कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि वर्ष टाकून जागा धरून ठेवतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो ना आपण, तसं. कोऱ्या पांढऱ्या भिंती, आणि चुना ब्रशने मारताना खाली फुटपाथवर जे शिंतोडे उडालेत ते कुत्र्याच्या पायांनी पुढे नेलेले.

गटाराची झाकणं हे तर वेगळंच प्रकरण आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर "मेड इन इंडिया" लिहिलेली झाकणं आहेत, त्यातली बरीच नदीपलीकडे हावड्याच्या फाउंड्र्यांमध्ये ओतलेली. २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिथल्या कामगारांचे फोटो आले, अनवाणी, उघड्या अंगाने वितळलेलं लोखंड ओतताना, आणि त्यानंतर झाकणं घेणाऱ्या न्यूयॉर्कच्या वीज कंपनीने करारात सुरक्षेच्या अटी घालतो असं सांगितलं. फोटोने काय होतं असं विचारणाऱ्यांना मी हे सांगते. मी स्वतः फाउंड्रीत गेले नाही, परवानगी वगैरे भानगडी होत्या आणि तेवढा वेळ नव्हता. कोलकात्यातलीच झाकणं काढली. पावसाची एक सर येऊन गेल्यावर काढायची, अक्षरांच्या खाचेत पाणी राहतं आणि आकाश त्यात दिसतं, तिरका उजेड असेल तर अजून छान.

वरचं म्हणून एकच गोष्ट काढली, खिडक्यांची खडखडी. म्हणजे त्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा, बहुतेक हिरव्या, मध्ये एक उभी दांडी असते, ती खालीवर केली की सगळ्या पट्ट्या एकदम उघडतात मिटतात. माशीमांकडे पण आहेत. त्या खोलीत बसून दांडी बोटाने जराशी वर करतात आणि रस्त्यावर कोण चाललंय ते बघून घेतात, बाहेरच्याला काही दिसत नाही. मी त्यांच्या बोटाचा आणि दांडीचा फोटो काढला, आतून, भिंतीवर उन्हाच्या पट्ट्या. दांडीवरचा रंग नेमका बोटाच्या जागी उडून खालचं लाकूड दिसतंय. हा फोटो बघून मात्र त्या खूश झाल्या, म्हणाल्या, हे बघ, घरात किती चांगले फोटो होते आणि तू रस्त्यावर हिंडत होतीस.

हातरिक्षाबद्दल मी जरा कचरतच होते कारण ते फोटो म्हणजे दुसऱ्याच्या कष्टाचं पोस्टर होतं लगेच. २००६ मध्ये बंदीचा कायदा आणायचा प्रयत्न झाला, तो कोर्टात अडकला, रिक्षा अजून आहेत, ओढणारे बहुतेक बिहारचे. मी उभ्या रिक्षाच काढल्या, दांडे जमिनीला टेकवून ठेवलेल्या. ओढताना बोटात एक छोटी घंटा अडकवलेली असते, ती दांड्यावर आपटून वाजवतात, हॉर्न म्हणून. दांड्यावर त्या जागी रंग गेलेला. एकदा हे दिसलं की प्रत्येक रिक्षावर दिसतं, कोणाचा उजव्या दांड्यावर, कोणाचा डाव्या.

परत आल्यावर निवड करणं हे माझ्या मते शूटिंगपेक्षा त्रासाचं. मी छोट्या साइजच्या स्वस्त प्रिंटा काढते आणि जमिनीवर पसरते, स्क्रीनवर मला ठरवता येत नाही. पहिल्या दिवशी जे भारी वाटतात ते बहुतेक नुसते रंगाचे असतात, लाल भिंत हिरवा दरवाजा छाप, ते बाजूला. मग एक प्रश्न प्रत्येकाला लावला, या फोटोत ती वस्तू वापरणारा माणूस न दिसता जाणवतोय का. साबणाची वडी राहिली, दोरी राहिली, खडखडीची दांडी, रिक्षाचे दांडे, मातीचा चुरा राहिला. झाकणं जवळपास सगळी गेली, दिसायला सुंदर पण त्यांच्यात कोणीच नाही. पुलाची टोपणं राहिली, त्यांच्यात तर फारच जण आहेत.

मनासारखे झाले नाहीत ते ट्रामचे रूळ. कोलकात्यात १८७३ ला घोड्याची ट्राम सुरू झाली, १९०२ ला विजेची, आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने सांगितलं की एस्प्लनेड ते मैदान हा वारसा म्हणून ठेवणार आणि बाकी बंद करणार. ट्रामचे फोटो आता जो तो काढतोय. मला रूळ हवे होते, बंद पडलेल्या मार्गांवरचे, कारण काही ठिकाणी त्यांच्यावर डांबर घातलंय आणि ते डांबर मधूनच खचून खालचं लोखंड परत वर आलंय, दोन समांतर भेगा, स्कूटरवाले तिथे बरोबर वळसा घेऊन जातात. काही ठिकाणी रुळाच्या खाचेत बाटल्यांची बुचं जाऊन बसलीत, चपटी होऊन, ओळीने. यासाठी पहाटेचं, रस्ता मोकळा असतानाचं, जमिनीला टेकलेलं ऊन पाहिजे आणि ते मला धुक्याने मिळू दिलं नाही, जानेवारीत सकाळी नऊपर्यंत सगळं सपाट राखाडी. मार्चमध्ये जायचं ठरवतेय, लग्नाचे मुहूर्त बघून, उन्हाळ्याचा घाम सुरू व्हायच्या आत. सगळ्यात आधी रूळ, कारण डांबर घालणारी गाडी काही माझ्या सुट्टीसाठी थांबणार नाहीये. तिकीट काढलंय, सध्या वेटिंगवर आहे, निदान आरएसी तरी व्हावं.